दुसऱ्या डिस्कची किल्ली

विनायक काय काम करतो असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. खरं सांगितलं तर लोक हसतात. तो मशीन बसवतो, मग मुद्दाम बिघडवतो, मग परत बसवतो. आमच्या बुऱ्हानपूरच्या शनवारा भागातल्या ऑफिसात, माझ्या टेबलासमोर बसून तो हेच करत आला आहे. एकदा मुलीकडचे लोक चौकशीला ऑफिसातच आले. मुलीच्या बापाने मला विचारलं, "बाई, मुलगा करतो काय नेमकं?" मी होतं ते सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि दुसरा प्रश्न केला, "कायम आहे का?" मी म्हटलं, "नाही." तेवढ्यावर मंडळी उठली. चहासुद्धा अर्धा टाकून गेली.

आमची संस्था केळीवाल्यांची. कुणाचा बाग कधी कापायचा, कुणाची गाडी कधी भरायची, हे आमच्याकडे ठरतं. मी इथली मोठी कारकून, मालती. तोंडाची फटकळ आहे, ते तुम्हाला कुणीही सांगेल, मीच सांगून टाकते. मी कायम आहे. शिपाई कडूबाबा कायम आहेत. चौकीदार दिवसा झोपतो, तोही कायम आहे. विनायक तेवढा रोजंदारीवर. एका हंगामापुरता टायपिंगला म्हणून आला होता, मग कम्प्युटर आले, ते त्याच्याशिवाय कुणाला जमेनात, आणि त्याचा हंगाम काही संपला नाही. आजारी पडला तर त्या दिवसाचा रोज नाही. दर दसऱ्याच्या मीटिंगला त्याचा विषय निघतो आणि सगळे म्हणतात, बघू.

वडील लोटूभाऊ गेले तेव्हापासून निंबोल्याच्या घरात तो आणि त्याची आई भागाबाई, दोघंच. आईने इच्छादेवीला नवस बोलला आहे, पोराचं काम झालं की गुडघे दुखत असले तरी सगळ्या पायऱ्या चढून ओटी भरेन. हे त्याने मला पुढे, मशीनच्या खटाटोपात, एकदा डबा खाताना सांगितलं. सांगून झाल्यावर बराच वेळ भाकरीचा तुकडा हातातच धरून बसला होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्या दिवशी मला तो साठीचा दिसला.

मग एकत्रीकरण आलं. निंबोला, इच्छापूर, शहापूर अशा आमच्या तीन शाखा, प्रत्येकीचा कम्प्युटर वेगळा आणि हिशेबही वेगळा. एकच शेतकरी दोन शाखांत दोन नावांनी सापडायचा. समितीने ठरवलं, सगळं एका मशीनवर आणायचं, शनवाऱ्याला. पुढची दोन-अडीच वर्षं ऑफिसात दुसरा शब्द ऐकू आला नाही. चहा उशिरा आला तरी कडूबाबा म्हणायचे, एकत्रीकरण चालू आहे ना.

अध्यक्ष मोतीलालजी भर मीटिंगमध्ये म्हणाले, "विनायक, हे मशीन दसऱ्याच्या मुहूर्ताला चालू करून दाखव. त्याच दिवशी तुझं कायमचं करून टाकू. पक्का वादा." मी तिथेच बसले होते. माझ्या या कानांनी ऐकलं.

आता केळी काही थांबत नाहीत. कापायला दोन दिवस उशीर झाला की घड झाडावरच पिवळा पडतो आणि व्यापारी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणून सगळं एका मशीनवर आणायचं तर ते मशीन बंद पडून चालणार नव्हतं. विनायकने सांगितलं, त्यात दोन डिस्क लावू, एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवरही लिहिलं जाईल. हे करायला एक वेगळं कार्ड मिळतं, ते समितीने महाग म्हणून नाकारलं. मग तो म्हणाला, सॉफ्टवेअरनेच करतो. त्याला ते लोक रेड म्हणतात. हा शब्द मीटिंगमध्ये काढला तर दोन व्यापारी संचालक धाड पडल्यासारखे जागच्या जागी दचकले. तेव्हापासून बिचारा 'जोडडिस्क' म्हणायला लागला.

एका दुपारी मी वैतागून विचारलं, "अरे, दोन डिस्क लावल्यास ना? मग रोज काय उघडझाक चालली आहे तुझी?"

"ताई, असं समजा, घरात दोन जावा आहेत," तो म्हणाला. "डाळ कुठे, तांदूळ कुठे, कुणाला काय पथ्य, सगळं दोघींना ठाऊक. एक माहेरी गेली तरी चूल थांबत नाही."

"झालं तर मग."

"पण दाराची किल्ली थोरलीकडेच आहे. थोरली गेली की धाकटीला सगळं ठाऊक असून उपयोग नाही. दारच उघडत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा त्याचं काम समजलं. ऑपरेटिंग सिस्टीम बसवली की मशीन सुरू करणारा जो भाग असतो, तो पहिल्या डिस्कवरच जाऊन बसायचा. हिशेब दोन्हीकडे, किल्ली एकीकडे. बसवून झालं की स्क्रीनवर छान लिहून यायचं, सगळं यशस्वी झालं. दुसरा कुणी असता तर ते वाचून घरी गेला असता. हा मशीन बंद करायचा, पहिल्या डिस्कची वायर काढायचा आणि परत बटण दाबायचा. स्क्रीन काळी. मग वायर लावायची, सगळं पुसायचं, सीडी घालायची आणि नव्याने बसवायचं, या वेळी जरा वेगळ्या तऱ्हेने. बसवून झालं की एका डिस्कवरचं दुसरीवर उतरत राहायचं, तासन् तास. आणि मध्येच लाईट जायची. आमच्याकडे त्या वर्षांत लाईट येण्याची बातमी व्हायची, जाण्याची नाही. इन्व्हर्टर म्हातारा झालेला. सगळं मुळापासून.

प्रयोगाला नव्या डिस्कही मिळाल्या नाहीत. शाखांच्या जुन्या कम्प्युटरांतून काढलेल्या होत्या, त्यांतली एक चालताना कण्हायची. बुऱ्हानपूरचा वैशाख, पंखा गरम हवा फेकतोय, आणि हा मानेवर ओला टॉवेल टाकून स्क्रीनवरचा एक आकडा हळूहळू वाढताना बघत बसलेला. जेवण चार वाजता. बोलणं बंद झाल्यात जमा. मला त्याच्याकडे बघूनच थकवा यायचा.

सेक्रेटरी सुरेशभाऊ येता-जाता विचारायचे, "चालतंय ना?"

"चालतं. पण पहिली डिस्क काढली की चालत नाही."

"मग नको ना काढूस पहिली," सुरेशभाऊ म्हणायचे आणि निघून जायचे. त्यांच्या मते प्रश्न सुटला होता.

मीही त्याच्यावर चिडले एकदा. म्हटलं, "अरे बाबा, चालतंय तर चालू दे. दसरा जवळ आला. मशीन चालू झालं की तुझं काम झालं. हे काढ-घाल करत बसलास आणि मुहूर्ताला काही बिघडलं, तर परत सगळे बघू म्हणतील. आईचा नवस असाच राहील."

तो म्हणाला, "ताई, मी दमलोय हो. खरंच दमलोय. पण हे असं अर्धं ठेवलं तर मला झोप लागणार नाही." मी चहा सांगितला.

हे सगळं कडूबाबा बघत असायचे. कडूबाबा मूळचे आमचे मापाडी. गाडीसकट तोलणारा मोटारकाटा येण्याआधी संस्थेच्या अंगणातल्या मोठ्या तराजूवर सगळी तोलाई त्यांच्या हातची. आता तो तराजू शोभेला टांगलेला आहे आणि कडूबाबा पाणी देतात. विनायक मशीन उघडायचा तेव्हा ते स्क्रू वाटीत धरून शेजारी उभे राहायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "बाई, विनायकभाऊची भक्ती मोठी आहे. रोज नेमाने काढतो, रोज नेमाने लावतो." मला हसू आलं. त्यांचा गैरसमज तेव्हाच दूर करायला हवा होता असं आता म्हणता येतं, पण तेव्हा कुणाला काय ठाऊक.

नवरात्रात एका दुपारी विनायकने पहिली डिस्क काढली आणि मशीन सुरू झालं. पहिली लावली, दुसरी काढली, तरी सुरू झालं. त्याने सगळं पुसून पुन्हा बसवलं आणि पुन्हा तेच करून बघितलं. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, दोन्ही जावांकडे किल्ली झाली." एवढं बोलून शेतकऱ्यांच्या बाकावर आडवा झाला आणि भर गर्दीत घोरायला लागला. मी कुणाला उठवू दिलं नाही. संध्याकाळी उठला तेव्हा समितीने शेवटी मंजूर केलेल्या दोन नव्या डिस्क त्याने मशीनमध्ये घातल्या, त्याच रीतीने सगळं बसवलं, शाखांचे हिशेब आणले. नवमीला घरी पूजा होती, म्हणून निंबोल्याला गेला.

आता आमच्या संस्थेची एक रीत आहे, तोलाईच्या दिवसांपासूनची. खंडेनवमीला तराजूची दोन्ही पारडी काढायची, धुवायची, हळदकुंकू लावायचं आणि परत टांगताना फिरवून टांगायची. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. शेतकऱ्यांनी डोळ्यांनी बघावं की पारडी फिरवली तरी काटा मध्येच राहतो, दांडीत खोट नाही. तराजू शोभेचा झाला तरी कडूबाबांनी हे कधी चुकवलं नाही. यंदा संस्थेचं तोलमाप नव्या मशीनमध्ये जाणार होतं. ते मशीन तसंच कसं सोडायचं?

दसऱ्याला सकाळी सगळे जमले. मशीनला झेंडूची माळ, पुढे नारळ. मोतीलालजी नवा कुर्ता घालून आलेले. विनायक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, तो शर्ट मी आधी कधी बघितला नव्हता. कडूबाबा त्याच्याजवळ गेले आणि खुशीत म्हणाले, "भाऊ, तुम्ही नव्हते, पण मी नेम चुकवला नाही. आतली दोन्ही पारडी काढली, धुतली, फिरवून लावली."

विनायकचा चेहरा उतरला. "धुतली?"

"जास्त नाही. पळीभर पाणी, आणि ओल्या फडक्याने पुसली. कुंकू लावलं."

तो मोतीलालजींकडे वळला. "अध्यक्षजी, एक तास द्या. उघडून बघतो."

"आज उघडायचं नाही, विनायक. मुहूर्त निघून जाईल," मोतीलालजी म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

स्क्रीन काळी. आतून पाल चुकचुकावी तसा आवाज यायला लागला, टिक, टिक, थांबून परत टिक. मी विनायककडे बघत होते. तो हात मागे बांधून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. आईचं नाव घेत होता की देवीचं, माहीत नाही. मला सगळं दिसत होतं, परत बघू, परत रोजंदारी, परत पुढचा दसरा.

आणि मग अक्षरं आली. एक ओळ, दोन ओळी, आणि आमच्या संस्थेचं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ फुटला, पेढे फिरले. विनायक तेवढा वाकून स्क्रीनवरची एक बारीक ओळ वाचत होता. मला म्हणाला, "ताई, थोरली गेली. धाकटीने दार उघडलं." म्हणजे ज्या डिस्कवर आपसूक किल्ली बसते तीच पाण्याने मेली होती. सुरेशभाऊंचं ऐकून त्याने काढ-घाल सोडून दिली असती तर त्या सकाळी पेढे घशाखाली उतरले नसते. पण हे कळलं आम्हा दोघांना. बाकी सगळ्यांच्या लेखी बटण दाबलं आणि मशीन चालू झालं, जसं कुठलंही होतं.

दुपारी मीटिंग. सुरेशभाऊंनी विषय वाचला, विनायक महाजन यांस कायम करणे. विनायक दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "त्याआधी एक सांगायचं आहे. एक डिस्क गेली आहे. आता मशीन एकाच डिस्कवर आहे. नवी ताबडतोब पाहिजे."

कडूबाबा पाण्याचा ट्रे घेऊन आले होते. ते तिथेच थांबले आणि म्हणाले, "माझ्या हातून गेली. माझ्या पगारातून घ्या."

"एका डिस्कवर चालतं मशीन?" मोतीलालजींनी विचारलं. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं.

"चालतं, पण..."

"वा. म्हणजे पक्कं काम केलंस तू. कडूबाबा, राहू द्या पगाराचं." मग ते सुरेशभाऊंकडे वळले. सुरेशभाऊ म्हणाले, "साहेब, एवढं पक्कं असेल तर आता मशीनकडे रोज बघायची तरी काय गरज? एकत्रीकरण तर झालं. बिघडलं की बोलावू. कायमची जागा कशाला भरायची?"

मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, "मोतीलालजी, तुमची जीप चार चाकांवर चालते ना? मग स्टेपनी काढून फेकून द्या आजच. शब्द दिला होता तुम्ही, याच टेबलावर. मी ऐकलाय." ते जरा ओशाळले. म्हणाले, "मालतीबाई, शब्द मी फिरवत नाहीये. पुढच्या दसऱ्याला बघू." डिस्कचंही पुढच्या मीटिंगवर गेलं. विनायक कुणाशी भांडला नाही. खाली जाऊन त्याने मशीनवरची माळ नीट केली, झेंडूच्या पाकळ्या आत पडू नयेत म्हणून, आणि निंबोल्याची बस पकडली. मला त्याचा राग आला, स्वतःचा आला, सगळ्यांचाच आला.

कोजागिरीच्या आधी भागाबाईंचा निरोप आला, इच्छापूरला नवस फेडायला जायचंय, तुम्ही चला. मी चरकले. म्हटलं, म्हणजे याने आईला सांगितलंच नाही. त्या माउलीला वाटतंय पोरगा कायम झाला. आता तिथे तिने विचारलं तर मी काय बोलू? खोटं माझ्या तोंडून निघत नाही, हीच माझी पंचाईत आहे.

इच्छापूरला विनायक पायऱ्यांखालीच थांबला. मशीन एका डिस्कवर होतं, कधीही फोन येईल म्हणून त्याला रेंज हवी होती, आणि वर रेंज नव्हती. आम्ही दोघी चढायला लागलो. भागाबाई दर काही पायऱ्यांवर बसायच्या, गुडघ्यावर हात फिरवायच्या आणि परत उठायच्या. मी हात देऊ केला तर म्हणाल्या, "नवस माझा आहे व माय, मले चढू दे." वर पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. त्यांनी देवीची ओटी भरली, नारळ ठेवला आणि बराच वेळ टेकलेलं डोकं उचललं नाही.

बाहेर ओट्यावर बसल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "भागाबाई, विनायकने तुम्हाला मीटिंगचं काय सांगितलं?"

"सगळं सांगितलं. नाही केलं त्याले कायम."

"मग नवस कशाचा फेडलात?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या, थकलेलं हसू. "मी देवीले म्हटलं होतं, माझ्या पोराचं मशीन चालू होऊ दे. तो घरी येऊन तेवढंच बोले. मशीन चालू झालं पाहिजे, मशीन चालू झालं पाहिजे. मले वाटलं नोकरी त्याच्यातच आली. नोकरीचं वेगळं मागायचं असते, हे मले समजलंच नाही. देवीनं मशीन चालू करून दिलं. तिचं काय चुकलं?"

मी म्हटलं, "आता मागा ना. आलोच आहोत वर."

"मागितलं म्हणजे फेडायले परत चढा लागते," त्या म्हणाल्या. "गुडघे नाही राहिले, बाई."

मी देवाशी फारशी बोलत नाही. पण त्या दिवशी परत आत गेले, पदर डोक्यावर घेतला आणि मागितलं. संस्थेत अर्ज करतात तसं मागितलं, चुकायला जागा नको म्हणून. विनायक लोटू महाजन, राहणार निंबोला, शनवारा ऑफिस, नोकरीत कायम. आणि एक डिस्क, नवी. मग म्हटलं, फेडायला मी येईन, माझे गुडघे अजून चालतात.

खाली आलो तर विनायक चहाच्या टपरीच्या बाकावर बसल्या बसल्या झोपला होता, फोन दोन्ही हातांत धरून. बस लागलेली होती, कंडक्टर बुऱ्हानपूर, बुऱ्हानपूर ओरडत होता. भागाबाईंनी मला हात करून थांबवलं आणि त्याच्या शेजारी, त्याला धक्का लागणार नाही अशा बेताने बसल्या. ती बस आम्ही जाऊ दिली.